कादंबऱ्यांच्या शिफारस-तक्त्याच्या नोंदी : जून ते ऑक्टोबर

३ जून

आमच्या वाचनगटात अकरा जण आहेत. गेल्या वर्षी प्रत्येकाने आपल्या आवडत्या पाच कादंबऱ्यांची नावे दिली होती आणि त्यांची एक एकत्रित यादी मी केली होती. आज नव्या कामाची आखणी करताना ती यादी पुन्हा उघडली. ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘श्यामची आई’ आणि ‘कोसला’ ही नावे इतक्या वेळा आली होती की ती वजा केल्यावर यादी निम्मीही उरली नाही. शेजारच्या रकान्यात ‘अप्रतिम’, ‘प्रत्येकाने वाचलीच पाहिजे’, ‘शब्द अपुरे आहेत’ असे शेरे होते. वर्षभरात या यादीवरून कोणी एखादे पुस्तक नव्याने हाती घेतले का, असे बैठकीत विचारले तेव्हा एकाच सदस्याने हो म्हटले, आणि त्यानेही ते पुस्तक चौथ्या प्रकरणात मिटून ठेवले होते.

दोष पुस्तकांचा नव्हता. ज्यांनी ती वाचली होती त्यांना शेऱ्यांची गरज नव्हती, आणि ज्यांनी वाचली नव्हती त्यांना शेऱ्यांतून काहीच कळत नव्हते. ‘प्रत्येकाने वाचलीच पाहिजे’ हे वाक्य तर शिफारस नसून ताकीद आहे, आणि ताकीद मिळाली की माणूस पुस्तकापासून दोन पावले लांबच उभा राहतो.

म्हणून यंदा नवा तक्ता करण्याचे ठरले आहे. दर पंधरवड्याला प्रत्येकाने आधी ‘सध्या काय वाचता आणि कुठपर्यंत आलात’ हे लिहायचे आणि शिफारस करायची असेल तर ती त्यानंतर. हा क्रम माझ्या आग्रहावरून ठेवला आहे. पुस्तक संपले की वाचक त्याविषयी निकाल सांगतो; मध्यावर असताना तो काय चालले आहे ते सांगतो, आणि दुसऱ्याला पुस्तक निवडायला हे दुसरे सांगणे अधिक उपयोगी पडावे असा माझा अंदाज आहे. तो खरा ठरतो का, हे पाहण्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

१० जून

पहिल्या फेरीच्या नोंदी आल्या आणि पहिला धडा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. अकरापैकी तिघे जण सध्या काहीच वाचत नव्हते, पण तसे लिहिणे त्यांना अवघड गेले. एकाने महाविद्यालयात असताना वाचलेली कादंबरी ‘सध्या वाचत आहे’ म्हणून लिहिली, आणि कुठपर्यंत आलात या रकान्यात ‘शेवट’ असे टाकले. दुसरीने जाडजूड पुस्तकाचे नाव लिहून पुढचा रकाना रिकामा ठेवला. या दोघांना हसण्याचा अधिकार मला नाही, कारण मी स्वतः ‘तुंबाडचे खोत’ लिहिले तेव्हा पहिल्या खंडाची जेमतेम तीस पाने झाली होती आणि ती वाचूनही महिना उलटला होता.

ठराव असा झाला की ‘सध्या काही नाही’ ही संपूर्ण आणि सन्मान्य नोंद धरावी, तिच्यापुढे कारण लिहू नये आणि कोणी विचारूही नये.

पृष्ठ क्रमांकाचा रकाना पहिल्याच आठवड्यात बाद झाला. एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्यांत पाने जुळत नाहीत, ई-पुस्तक वाचणारी सदस्य टक्के सांगते आणि ऑडिओबुक ऐकणारा तास सांगतो. आता पानाऐवजी कथेतील जागा लिहायची आहे. उदाहरणार्थ, ‘बनगरवाडी’ वाचणाऱ्याने या आठवड्यात ‘मास्तर गावात पोहोचला आहे, पण शाळेत अजून मुले नाहीत’ असे लिहिले. त्या एका वाक्याने पृष्ठ क्रमांकापेक्षा कितीतरी जास्त काम केले, कारण ते वाचून दोघांनी पुढे काय झाले असे विचारले.

१७ जून

फारसे काम नाही. तक्त्यातील ‘प्रकार’ हा रकाना (ऐतिहासिक, ग्रामीण, सामाजिक, पौराणिक) भरताना वाद होत आहेत. ‘झोंबी’ला आत्मचरित्र म्हणावे की कादंबरी, यावर अर्धा तास गेला, लेखक आनंद यादव यांची ती आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे असे लिहून विषय संपवला. हा रकाना मुळात कशासाठी हवा, हा प्रश्न मात्र मनात राहिला आहे.

२४ जून

या पंधरवड्यात ‘रणांगण’ची नोंद आली आणि अशी नोंद कशी असावी याचा नमुना मिळाला. लिहिणारी सदस्य पुस्तकाच्या मध्यावर होती. विश्राम बेडेकरांची ही छोटी कादंबरी १९३९ साली, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटले त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. नायक चक्रधर युरोपातून बोटीने परत येत आहे. त्याच बोटीवर जर्मनीतून बाहेर पडावे लागलेले ज्यू निर्वासित आहेत आणि त्यांच्यात हेर्टा आहे. एवढे कोणत्याही परिचयात सापडते. आमच्या सदस्येने लिहिले ते असे: ‘मी बोटीवर आहे. किनारा लागला की हे सगळे संपणार हे दोघांनाही ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे, त्यामुळे मी मुद्दाम सावकाश वाचते आहे.’

‘हृदयस्पर्शी प्रेमकथा’ असे लिहिले असते तर त्यात खोटे काही नव्हते, पण त्या शब्दांत शंभर पुस्तके बसतात. मुद्दाम सावकाश वाचावेसे वाटणे ही गोष्ट मात्र या पुस्तकाच्या घडणीतून आलेली आहे. प्रवासाचे दिवस मोजके आहेत, कथेची मुदत बंदराला बांधलेली आहे आणि पुस्तकाची उरलेली पाने हीच त्या दोघांची उरलेली मुदत आहे. हे ज्याला मधेच जाणवले त्याने ते तेव्हाच लिहून ठेवले म्हणून आम्हाला मिळाले. पुस्तक संपल्यावर याच सदस्येला पुन्हा शिफारस लिहायला सांगितली तेव्हा तिने ‘सुन्न झाले, जरूर वाचा’ असे लिहिले. दोन्ही नोंदी तक्त्यात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. चौघांनी पुस्तक मागितले आणि चौघांनीही पहिल्या नोंदीचा उल्लेख केला.

८ जुलै

आजची बैठक ‘कोसला’वर खर्च झाली. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ ची. लेखक तेव्हा पंचविशीत होता आणि त्याचा निवेदक पांडुरंग सांगवीकरही तेवढ्याच वयाचा. आमच्या गटातील एका ज्येष्ठ सदस्यांनी ती विशीत असताना वाचली होती आणि ती आपल्याच मनातली कोणीतरी लिहून काढली असे त्यांना तेव्हा वाटले होते. त्यांच्या शिफारशीवरून एका तरुण सदस्याने ती घेतली आणि वसतिगृहाच्या भागातच सोडून दिली. त्याची तक्रार अशी की हा माणूस सतत कंटाळलेला आहे आणि मी त्याच्याबरोबर का कंटाळावे.

ज्येष्ठ सदस्यांना हे लागले. परंतु चर्चेत असे निघाले की शिफारस करताना त्यांनी पुस्तकाविषयी काही सांगितलेच नव्हते. विशीतल्या आपल्याविषयी सांगितले होते. मग त्यांनी थोडे थांबून वेगळे सांगितले. त्या कंटाळ्याच्या, टवाळीच्या आणि ‘उदाहरणार्थ’ ‘वगैरे’ म्हणत सगळे झटकून टाकण्याच्या सुराखाली काय दाबलेले आहे ते धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या भागात कळते, आणि तिथे तोच सूर वाचकाला असह्य होतो. हे ऐकून त्या तरुण सदस्याने पुस्तक पुन्हा उघडायचे कबूल केले.

यातून दुसरा वाद उभा राहिला. पुढे काय घडते ते सांगायचे नाही, हा आमचा नियम पहिल्या दिवसापासून होता आणि ज्येष्ठांनी तो सरळ मोडला होता. नियम मोडला म्हणूनच शिफारस लागू पडली, हेही तितकेच खरे होते. तासाभराच्या चर्चेनंतर नियम सुधारला तो असा: पुस्तक ज्या उत्सुकतेवर चालते ती उत्सुकता मारू नये, एवढेच बंधन. ‘रणांगण’चा शेवट सांगू नये. ‘कोसला’त मृत्यू आहे हे सांगितल्याने काही बिघडत नाही, कारण ती कादंबरी पुढे काय होणार यावर चाललेलीच नाही. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाचे काय होते हे वाचायला शिकण्यापूर्वीपासून प्रत्येकाला माहीत असते आणि तरीही लोक ती रात्र जागून वाचतात. थोरल्या माधवरावांना आयुष्य किती लाभले हे ‘स्वामी’ उघडण्यापूर्वीच माहीत असलेला वाचक तर ती जास्तच हळवा होऊन वाचतो.

२२ जुलै

‘प्रकार’ हा रकाना आज काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘कोण सांगते आहे’ असा रकाना घातला. या प्रकल्पातील आतापर्यंतचा सर्वांत उपयोगी बदल हाच आहे, असे माझे मत आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहून ठेवतो.

गोष्ट अशी घडली. एका सदस्येला ‘ययाति’ अतिशय आवडली होती. प्रकार पौराणिक, म्हणून आम्ही तिला एकामागून एक तीन पौराणिक कादंबऱ्या दिल्या आणि तिने तिन्ही परत केल्या. मग तिला विचारले की ‘ययाति’त नेमके काय आवडले. तिने सांगितले की देवयानीचा राग आधी मला वाईट वाटत होता, आणि मग देवयानी स्वतः बोलू लागली तेव्हा मला माझीच लाज वाटली. वि. स. खांडेकरांच्या या १९५९ च्या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत. म्हणजे तिला पुराण नको होते. एकच घटना दुसऱ्या तोंडून ऐकताना आपले मत बदलते, तो अनुभव तिला हवा होता. हे कळल्यावर तिला शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ दिली. १९६७ च्या या कादंबरीचे नऊ भाग आहेत आणि ते कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण अशा सहा जणांनी सांगितले आहेत. तिने आजवर ती जाडी पाहून टाळली होती. आता ती कुंतीच्या भागात आहे आणि कुंतीवर चिडलेली आहे.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. ‘बनगरवाडी’ आवडलेल्या सदस्याला आम्ही ग्रामीण कादंबऱ्या सुचवत होतो. नव्या रकान्यात ‘गावात बाहेरून आलेला तरुण मास्तर, प्रथमपुरुषी’ असे लिहिल्यावर लक्षात आले की त्याला आवडले ते परक्या माणसाने हळूहळू आत शिरणे. त्याने यादीतून आपणहून ‘शाळा’ निवडली. मिलिंद बोकीलांच्या २००४ सालच्या या कादंबरीत आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आपली गोष्ट सांगतो. गाव नाही, रान नाही, मेंढ्या नाहीत, प्रकाराच्या रकान्यात या दोन कादंबऱ्या कधीही एकत्र आल्या नसत्या; पण मोठ्यांचे जग हेच मुकुंदला परके गाव आहे, आणि तेवढ्यावर निवड बरोबर ठरली.

हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ची नोंद याच रकान्यामुळे नव्याने लिहावी लागली. जुन्या यादीत तिच्यापुढे ‘सामाजिक, स्त्रीजीवन, एकोणिसावे शतक’ असे होते आणि ते वाचून कोणालाही ती परीक्षेला लावलेली कादंबरी वाटली असती. आता ‘यमू स्वतःची हकीकत लहानपणापासून सांगते’ असे लिहिले आहे. एका पुरुष लेखकाने १८९० च्या दशकाच्या उंबरठ्यावर एका मुलीच्या तोंडून इतकी दीर्घ आत्मकथा लिहावी, हे धाडस शेऱ्यातून दिसत नव्हते, रकान्यातून दिसते.

जाता जाता नोंद: एका सदस्याने १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’ची शिफारस केली आहे. बाबा पदमनजी यांचे हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी मानले जाते. मला स्वतःला ती शिफारस वाचनाच्या आनंदासाठी करवत नाही, पण मराठी कादंबरी विधवांच्या प्रश्नापासून सुरू झाली हे मुळातून पाहायचे असेल त्याने ते जरूर चाळावे. तक्त्यात तशाच शब्दांत टाकले.

५ ऑगस्ट

‘अडते कुठे’ हा रकाना सुरू केला. कारण झाले उद्धव शेळके यांची ‘धग’. १९६० ची ही कादंबरी शिफारस करणाऱ्याने ‘मराठीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांपैकी एक’ म्हणून दिली होती आणि घेणारे दोघेही दहाव्या पानावर थांबले होते. अडत होते ते संवाद. कौतिक, तिचा नवरा महादेव आणि मुले यांच्या तोंडी वऱ्हाडी बोली आहे, आणि ज्या वाचकाच्या कानावर ती कधी पडलेली नाही त्याचे डोळे प्रत्येक ओळीत ठेचकाळतात.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही चौघांनी फोनवर एकत्र येऊन पहिली वीस पाने मोठ्याने वाचली. पहिल्या पाचेक पानांत अडखळणे आणि हसू होते. मग आमच्यापैकी ज्या बाईंची ती बोली आहे त्यांनी वाचायला घेतले, आणि आधी कागदावर गाठीसारखे दिसणारे शब्द एकाएकी कोणाचे तरी बोलणे वाटू लागले. कौतिक नवऱ्याला बोलते तिथे तर फोनच्या पलीकडून कोणीतरी ‘बरोबर आहे तिचं’ असे पुटपुटले. त्यानंतर दोघांनाही पुढचे पुस्तक मनातल्या मनात वाचता आले, कारण आवाज कानात बसला होता. आता ‘धग’पुढे ‘सुरुवातीची वीस पाने संवाद मोठ्याने वाचा, शक्य तर बोली येणाऱ्याकडून ऐका’ असे लिहिले आहे.

माझे ठाम मत असे झाले आहे की अडचण लपवणारी शिफारस पुस्तकाचा घात करते. वाचक अडला की त्याला वाटते दोष आपल्यात आहे, आणि तो गुपचूप पुस्तक ठेवून देतो. अडचण आधी सांगितली असेल तर तिथे पोहोचल्यावर तो म्हणतो, हां, हीच ती जागा.

२० ऑगस्ट

माझ्याकडून झालेली चूक नोंदवत आहे. गटातील एका सदस्येचे वडील रुग्णालयात होते आणि रात्रीच्या जाग्या पहाऱ्यासाठी तिने मला एखादी कादंबरी सुचवायला सांगितले. मी ‘झाडाझडती’ दिली. विश्वास पाटलांची ही कादंबरी धरणामुळे उठवल्या गेलेल्या माणसांच्या परवडीची आहे, तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे आणि मी नुकतीच ती वाचून हलून गेलो होतो. मला जे सांगायचे होते ते मी सांगितले. तिला काय हवे आहे हे विचारलेच नाही. आठवड्याने तिची नोंद आली: ‘पुस्तक चांगले आहे. पण दर दहा मिनिटांनी उठावे लागते आणि परत आल्यावर इतकी माणसे, इतकी दुःखे पुन्हा जुळवता येत नाहीत. आणि रात्री तीन वाजता अजून कोणाची परवड वाचवत नाही.’

त्यावर दुसऱ्या एका सदस्याने पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ पाठवली. १९६२ ची ही लहानशी कादंबरी केवळ पत्रांची आहे. सावित्रीने लिहिलेली पत्रे तेवढी आपल्यापुढे येतात, त्यांना आलेली उत्तरे येत नाहीत. पत्र छोटे असते, संपते, आणि पुस्तक छातीवर उपडे ठेवून उठता येते. परत आल्यावर पुढचे पत्र नव्याने सुरू होते. न दिसणारी उत्तरे आपणच मनात रचायची असल्यामुळे वाचण्यापेक्षा वाट पाहणे त्यात अधिक आहे, आणि त्या रात्री तिला नेमके तेच करायचे होते. तिने ती तिथे दोनदा वाचली.

याच अनुभवावरून ‘केव्हा वाचावी’ आणि ‘कोणाला देऊ नये’ असे दोन रकाने घातले. ‘कोणाला देऊ नये’ला काहींचा विरोध होता, कारण त्यात पुस्तकाचा अपमान होतो असे त्यांना वाटले. मला तसे वाटत नाही. प्रत्येक औषधाच्या बाटलीवर ते लिहिलेले असते आणि त्याने औषध कमी प्रतीचे ठरत नाही.

२ सप्टेंबर

पुस्तके मिळण्याच्या अडचणींची नोंद. जुन्या कादंबऱ्यांच्या काही प्रती संक्षिप्त आवृत्त्या निघाल्या आणि ते मुखपृष्ठावरून कळले नाही. तेव्हा शिफारस करताना आवृत्ती संपूर्ण आहे याची खात्री करून लिहावे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांना खुले होते, त्यामुळे १९१९ साली निवर्तलेल्या आपट्यांचे आणि १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन विनासंकोच एकमेकांना पाठवता येते. नेमाडे, बोकील, पाटील यांच्या पुस्तकांच्या छायाप्रती गटात फिरवायच्या नाहीत, हे पुन्हा एकदा स्पष्ट केले.

अनुवादित कादंबऱ्यांपुढे अनुवादकाचे नाव लिहिणे आजपासून सक्तीचे आहे. जी. ए. कुलकर्णी यांनी मराठीत आणलेल्या कॉनराड रिक्टर यांच्या ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या तीन कादंबऱ्या एका सदस्याने केवळ अनुवादकाच्या नावावरून घेतल्या आणि जंगल तोडून वस्ती उभी करणाऱ्या त्या कुटुंबात तो पुरता रमला आहे.

१६ सप्टेंबर

‘सोडलेली पुस्तके’ हे पान उघडले. अपेक्षा अशी होती की ते टीकेचे पान होईल. झाले वेगळेच. श्याम मनोहर यांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ सोडताना एकाने लिहिले: ‘गोष्ट कुठे सुरू होते तेच कळत नाही, माणसे नुसती विचार करतात.’ हे वाचून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सदस्येने ते पुस्तक मागून घेतले, कारण गोष्टीचा तिला कंटाळा आला होता आणि विचार करणारी माणसे तिला हवीच होती. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ सोडणाऱ्याने ‘काळ सारखा मागेपुढे उडतो, धागा लागत नाही’ असे कारण दिले; किरण नगरकरांची ही १९७४ ची कादंबरी त्याच कारणासाठी एकाने आज घेतली. आतापर्यंत या पानावरून जितकी पुस्तके उचलली गेली तितकी ‘अप्रतिम’ शेऱ्यांवरून वर्षभरात गेली नव्हती. एकाची नावड नेमक्या शब्दांत लिहिलेली असेल तर ती दुसऱ्याच्या आवडीचा पत्ता सांगते. मोघम कौतुकातून मात्र कोणाचाच पत्ता लागत नाही.

‘कोसला’ पुन्हा घेतलेल्या तरुण सदस्याची नोंद आली. तो मनीच्या भागापर्यंत पोहोचला. त्या रकान्यात त्याने फक्त ‘वाचले’ असे लिहिले आहे. ज्येष्ठ सदस्यांनी त्यावर काही विचारले नाही, हे मला फार आवडले.

३० सप्टेंबर

‘पण लक्षात कोण घेतो?’ एकटीने वाचताना दोघी जणी मागे पडत होत्या. आपट्यांनी ती आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध केली होती, म्हणजे तिच्या पहिल्या वाचकांनाही ती हप्त्याहप्त्यानेच मिळत होती. तेव्हा आम्हीही आठवड्याला ठरावीक प्रकरणे घ्यायची आणि त्यापुढे वाचायचे नाही असे ठरवले. तीन आठवडे झाले. सलग वाचताना जी वर्णने लांबण वाटत होती ती हप्त्यात वाटत नाहीत, आणि दोघींपैकी एकीने या आठवड्यात नियम मोडून पुढची प्रकरणे वाचून टाकल्याची कबुली दिली आहे. तिच्यावर कारवाई करावी की तिचा सत्कार करावा यावर एकमत झाले नाही.

७ ऑक्टोबर

सर्वांनी आपल्या आवडत्या कादंबरीची चिठ्ठी नव्या रकान्यांनुसार पुन्हा लिहायची होती. नऊ चिठ्ठ्या आल्या. ‘ययाति’ आवडणाऱ्या सदस्येने आता ‘मृत्युंजय’विषयी लिहिले आहे, आणि गेल्या वर्षी जिथे सहा जणांचे ‘अप्रतिम’ होते तिथे तिने एवढेच लिहिले: ‘सहा जण सांगतात. कुंतीवर रागवाल. कर्ण पुन्हा बोलू लागला की त्याच्यावरही रागवाल. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त निवेदक घेऊ नका.’

गेले तीन महिने ‘सध्या काही नाही’ लिहिणाऱ्या सदस्याने याही वेळी तेच लिहिले आहे. नियमाप्रमाणे कोणी काही विचारले नाही.

माझी चिठ्ठी श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आहे आणि ती अपुरी आहे. ‘कोण सांगते आहे’: निवेदक बाहेरचा आहे, पण घराण्यातल्या म्हाताऱ्या माणसाने ओटीवर बसून सांगावे तसे तो सांगतो. ‘अडते कुठे’: सुरुवातीला, माणसांची नावे आणि नाती एका कागदावर लिहून तो कागद पुस्तकात ठेवा, माझा कागद दोन्ही बाजूंनी भरला आहे. ‘केव्हा वाचावी’: पुढचे दोन महिने दुसरे काही वाचायचे नसेल तेव्हा. ‘कुठपर्यंत आलात’: दुसरा खंड सुरू केला आहे, पहिल्या खंडातली माणसे आता घरात नाहीत आणि त्यांच्या जागी बसलेली माणसे मला अजून परकी वाटतात. ‘कोणाला देऊ नये’ हा रकाना दुसरा खंड संपेपर्यंत रिकामा ठेवला आहे.